‘गिअरबॉक्सच गेला’ म्हणून आलेली व्हॅन : एक प्रकरण अभ्यास

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नागपूरच्या नंदनवन भागातील एक केटरिंग व्यावसायिक आपली 2011 सालची, पेट्रोलवर चालणारी व्हॅन घेऊन दिघोरीजवळच्या माझ्या गॅरेजमध्ये आले. गाडी 1,94,000 किलोमीटर चाललेली होती. पहाटे कळमन्याहून भाजीपाला आणायचा, दिवसभर भांडी आणि माणसे वाहायची आणि लग्नसराईत रात्री उशिरा वर्धा मार्गावरच्या मंगल कार्यालयांतून परत यायचे, असा तिचा दिनक्रम होता. मालकांनी तक्रार सांगितली ती अशी : “भाऊ, दुसऱ्या मिस्तरीनं सांगितलं का गिअरबॉक्सच गेला. तिसरा टाकला का खर्र करून राहिली, अन् ट्राफिकमधी तर पहिला पडतच नाही जी.” जुन्या सुट्या भागांच्या बाजारात त्यांनी एक वापरलेला गिअरबॉक्स पाहून ठेवला होता आणि मी तो फक्त बसवून द्यावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

मी त्यांच्याकडे एक दिवस मागून घेतला. वापरलेला गिअरबॉक्स बसवण्यात काही गैर आहे असे नव्हे. गिअरबॉक्सची बाहेरची केस फुटली असेल किंवा मेन शाफ्टच खराब झाला असेल तर तोच मार्ग शहाणपणाचा ठरतो. पण गिअर न पडणे, गिअर पडताना घासणे, पडलेला गिअर उडणे आणि चालत्या गाडीत घोंगावणे या चार वेगवेगळ्या तक्रारी आहेत, आणि त्या एकाच गाडीत एकाच वेळी दिसल्या म्हणून त्यांचे मूळ एकच असेल असे मानायला कोणताही आधार नव्हता. मालकांच्या बोलण्यात या चारही तक्रारी एकमेकींत मिसळल्या होत्या आणि आधीच्या दुरुस्तीतही त्या तशाच मिसळल्या गेल्या होत्या.

गाडीची रचना आणि मागचा इतिहास

या प्रकारच्या व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली असते, त्याच्या मागे क्लच आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स, तिथून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट आणि शेवटी मागच्या दोन्ही चाकांना शक्ती वाटून देणारा डिफरन्शियल. म्हणजे इंजिनापासून चाकापर्यंत शक्ती पोहोचवणारे भाग गाडीच्या जवळजवळ पूर्ण लांबीवर पसरलेले असतात, आणि आत बसलेल्या माणसाला एखादा आवाज ‘खालून मधून’ येतो असे वाटले तरी तो गिअरबॉक्सचाच असेल याची खात्री देता येत नाही. धातूच्या मोकळ्या फरशीवरून आवाज पुढे-मागे सहज प्रवास करतो.

इतिहास विचारताना मी मालकांबरोबर त्यांच्या भाच्यालाही बसवून घेतले, कारण गाडी बहुतेक वेळा तोच चालवत असे. दोघांच्या सांगण्यातून आणि गाडीत सापडलेल्या दोन बिलांवरून क्रम असा लागला. मागच्या दिवाळीपूर्वी सर्व्हिसिंगमध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल या दोन्हींचे तेल बदलले होते. बिलावर दोन्हींसाठी एकच नोंद होती, ‘गिअर ऑइल 90, जीएल-5’ (90 हा जाडपणा, जीएल-5 हा तेलाचा दर्जा). त्यानंतर कार्तिक पौर्णिमेला रामटेकच्या यात्रेत महाप्रसादाचे सामान पोहोचवून गडावरून उतरताना तिसरा गिअर पहिल्यांदा आपोआप न्यूट्रलमध्ये आला. जानेवारीत, पहाटेची थंडी 10 अंशांच्या आसपास असताना, पहिले एक-दोन किलोमीटर गिअर अतिशय जड पडू लागले आणि तिसऱ्यात घासण्याचा आवाज सुरू झाला. फेब्रुवारीत एका गॅरेजने क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे सगळे नवीन टाकले. दोन-तीन आठवडे बरे वाटले, एप्रिलमध्ये ऊन वाढल्यावर पहिला आणि रिव्हर्स गिअर पडेनासा झाला, आणि तेव्हा ‘गिअरबॉक्स गेला’ हा निकाल मिळाला.

ऋतूंचा हा क्रम मी कागदावर लिहून घेतला. थंडीत जड आणि उन्हाळ्यात वेगळाच त्रास, म्हणजे तापमानाचा संबंध तेलाशी तरी असणार किंवा तापून बदलणाऱ्या एखाद्या भागाशी, किंवा दोन्हींशी.

क्लचची परीक्षा, सकाळी आणि दुपारी

गिअरबॉक्सवर शंका घेण्यापूर्वी क्लच पूर्ण सुटतो आहे की नाही हे पाहणे हा माझा नेहमीचा नियम आहे. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडत होते. इंजिन चालू करून, क्लच पूर्ण दाबून, चार-पाच सेकंद थांबून रिव्हर्स टाकला. या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडण्यापूर्वी पितळी रिंगेने वेग जुळवणारी रचना) नसतो, त्यामुळे क्लच थोडा जरी चिकटून फिरत असेल तरी रिव्हर्सचे दात घासतात आणि लगेच ऐकू येतात. सकाळी आठ वाजता ही परीक्षा गाडीने निर्दोष पार केली. नवीन क्लच आहे, परीक्षा स्वच्छ आहे, म्हणजे क्लच ठीक, असे मी वहीत लिहिलेसुद्धा.

ती नोंद चुकीची होती आणि ती दुपारी खोडावी लागली. मालकांची तक्रार ‘ट्राफिकमध्ये’ अशी होती आणि मी परीक्षा घेतली होती थंड गाडीवर. म्हणून दुपारी, पारा 44 अंशांच्या पुढे असताना, सक्करदऱ्यापासून महालाच्या गर्दीतून पाऊण तास गाडी फिरवली आणि परत आल्याबरोबर तीच परीक्षा पुन्हा घेतली. रिव्हर्स स्पष्ट घासला; पहिला गिअर दोन प्रयत्नांनंतर पडला.

मग एका मुलाला पेडलवर बसवून, खालून गिअरबॉक्सच्या बाजूला असलेल्या, क्लच सोडवणाऱ्या रिलीज आर्मची चाल पट्टी लावून मोजली. सकाळच्या मापापेक्षा ती जवळपास 5 मिलिमीटर कमी भरली. पेडलची वरची मोकळी चाल बदललेली नव्हती, म्हणजे पेडल आणि आर्म यांच्यामध्येच कुठेतरी हालचाल हरवत होती. क्लच केबलचा माग काढत गेलो तेव्हा कारण दिसले. फेब्रुवारीत क्लच बदलताना केबल धरून ठेवणारी क्लिप परत बसवलेली नव्हती; केबल खाली लोंबकळून एक्झॉस्ट पाइपच्या अगदी जवळून जात होती आणि तेवढ्या भागात तिचे बाहेरचे आवरण मऊ होऊन चपटे झाले होते. केबल काम करते ती आतली तार ओढली जात असताना बाहेरचे आवरण ताठ राहते म्हणून. आवरणच दबू लागले की पेडलचा काही भाग तार ओढण्याऐवजी आवरण चेपण्यात खर्च होतो आणि क्लच अर्धवट सुटतो. गाडी थंड असताना आवरण पुरेसे कडक असे, तापल्यावर नसे.

म्हणजे ‘पहिला पडत नाही’ या सर्वांत मोठ्या तक्रारीचा गिअरबॉक्सशी थेट संबंधच नव्हता. मालकांनी पाहून ठेवलेला गिअरबॉक्स बसवला असता तर तो याच केबलखाली चालला असता आणि त्याच्याही पितळी रिंगांनी तोच भार सोसला असता. या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

रस्त्यावरची परीक्षा

केबल बदलून, योग्य क्लिपमध्ये बसवून आणि मोकळी चाल लावून दुसऱ्या दिवशी गाडी रस्त्यावर काढली. आता पहिला आणि रिव्हर्स कोणत्याही तापमानाला सहज पडत होते, पण तिसरा अजूनही घासत होता, आणि तो फक्त तिसराच. क्लचचा दोष असता तर तो कमी-अधिक सर्व गिअरांत दिसला असता. एकाच गिअरमध्ये घासणे म्हणजे त्या गिअरचा सिंक्रो. खात्रीसाठी दुहेरी क्लच करून पाहिले : क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडा ॲक्सिलरेटर, पुन्हा क्लच दाबून तिसरा. अशा रीतीने तिसरा अजिबात आवाज न करता पडला, कारण एरवी सिंक्रोने करायचे वेग जुळवण्याचे काम आता माझ्या पायाने केले होते.

गिअर उडण्याची परीक्षा सक्करदरा उड्डाणपुलाच्या उतारावर घेतली. तिसऱ्यात असताना ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला, इंजिनाने गाडीला मागे ओढले आणि लिव्हर टणकन न्यूट्रलमध्ये आला. चौथ्यात आणि दुसऱ्यात असे झाले नाही. याच वेळी आणखी एक गोष्ट लक्षात आली : ॲक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना लिव्हर स्वतःहून दोन बोटे पुढे-मागे सरकत होता. हे गिअरबॉक्सच्या आतले लक्षण नसून इंजिन-गिअरबॉक्स जागेवरून हलत असल्याचे लक्षण असते. खाली पाहिले तर गिअरबॉक्सच्या मागच्या माउंटिंगचे रबर धातूपासून सुटलेले होते.

उरला घोंगावण्याचा आवाज. त्यासाठी बाह्य वळण रस्त्यावरचा रिकामा, सरळ पट्टा निवडला. आवाज 55 च्या पुढे सुरू होत होता आणि गाडीच्या वेगाबरोबर वाढत होता. एकाच वेगाला चौथा आणि पाचवा बदलून पाहिले. इंजिनाचा वेग बदलला तरी आवाजाची पट्टी बदलली नाही. 60 वर न्यूट्रल करून, इंजिन चालूच ठेवून, गाडी घरंगळू दिली, तरी आवाज तसाच राहिला. इंजिन बंद करून ही परीक्षा कोणीही कधीही घेऊ नये. स्टिअरिंग लॉक होण्याचा आणि ब्रेकची मदत जाण्याचा धोका असतो. न्यूट्रलमध्ये कायम राहणारा आणि गाडीच्या वेगाशी बांधलेला आवाज हा गिअरबॉक्सच्या मागे शोधावा लागतो : प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल, किंवा चाकांची बेअरिंग. शिवाय ॲक्सिलरेटर दाबल्यावर आणि सोडल्यावर त्याचा पोत थोडा बदलत होता. चाकांच्या बेअरिंगचा आवाज वळणावर बदलतो, ओढ बदलल्याने बदलणारा आवाज बहुधा डिफरन्शियलमधल्या क्राउन-पिनियन या दातेरी चाकांच्या जोडीचा असतो.

याशिवाय एक लहान आवाज होता, ज्याची मालकांनी तक्रारच केली नव्हती. गाडी उभी, न्यूट्रल, क्लच सोडलेला, अशा स्थितीत बारीक खरखर येत होती आणि क्लच दाबला की ती थांबत होती. चालत्या गाडीत ती पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्यात ऐकू येई, चौथ्यात जवळजवळ नाहीशी होई. या प्रकारच्या गिअरबॉक्समध्ये चौथा हा थेट गिअर असतो. शक्ती काउंटर शाफ्टवरून, म्हणजे बाकीच्या गिअरांना शक्ती देणाऱ्या समांतर शाफ्टवरून, न जाता सरळ मागे जाते, त्यामुळे काउंटर शाफ्ट फिरत असला तरी त्याच्यावर भार नसतो. खरखर चौथ्यातच थांबत असेल तर काउंटर शाफ्टच्या बेअरिंगवर बोट ठेवता येते. गिअरबॉक्स न उघडता आतल्या नेमक्या बेअरिंगपर्यंत पोहोचवणारी ही परीक्षा मला फार उपयोगाची वाटते आणि नवीन मुलांना मी ती सर्वांत आधी शिकवतो.

तेल काय सांगते

गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी गाडी थोडी चालवून, तेल गरम असताना काढले. भरण्याच्या छिद्राच्या काठापर्यंत तेल असायला हवे होते. ते बोट घालूनही लागत नव्हते, सुमारे पाव लिटर कमी होते. गळती मागच्या सीलमधून होती. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक राखाडी लेप होता, जो इतक्या वापरानंतर अपेक्षितच असतो. पण पांढऱ्या कापडावर तेल गाळल्यावर त्यात चमकणारे पिवळे कण दिसले. चुंबकाला न चिकटणारा पिवळा कण म्हणजे पितळ, आणि या गिअरबॉक्समध्ये पितळ मुख्यतः सिंक्रो रिंगांमध्येच असते.

तेलाबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण ‘गिअर ऑइल म्हणजे गिअर ऑइल’ या समजुतीने आपल्याकडे अनेक चांगले गिअरबॉक्स लवकर झिजतात. डिफरन्शियलमधील क्राउन आणि पिनियन हे हायपॉइड पद्धतीचे असतात. त्यांचे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत तर प्रचंड दाबाखाली घसरतातही. त्या दाबाखाली तेलाचा थर फाटू नये म्हणून जीएल-5 दर्जाच्या तेलात गंधक आणि फॉस्फरसयुक्त रसायने मोठ्या प्रमाणात असतात, साधारणपणे जीएल-4 च्या दुप्पट. डिफरन्शियलला हे तेल हवेच. मात्र सिंक्रो रिंगचे काम बरोबर उलट्या तत्त्वावर चालते. गिअर टाकताना पितळी रिंगचा आतला शंकू गिअरच्या पोलादी शंकूवर दाबला जातो आणि त्या दोघांमधल्या घर्षणाने गिअरचा वेग शाफ्टबरोबर फिरणाऱ्या, मागे-पुढे सरकणाऱ्या स्लीव्हच्या वेगाशी जुळतो. मगच स्लीव्ह पुढे सरकून गिअरच्या लहान दातांत अडकते. 1928 साली कॅडिलॅक गाड्यांमध्ये पहिल्यांदा आलेल्या या युक्तीचा सगळा आधार घर्षण हाच आहे. अतिनिसरड्या तेलात रिंगची पकड कमी होते, आणि रसायनांचे प्रमाण जास्त असलेली काही तेले पितळालाही अपाय करतात. सगळी जीएल-5 तेले सारखी नसतात आणि काही तेलांच्या डब्यावर दोन्ही दर्जांचा उल्लेख असतो, हे खरे आहे. पण गाडीच्या मॅन्युअलमध्ये गिअरबॉक्ससाठी 75डब्ल्यू-90, जीएल-4 असे स्पष्ट लिहिलेले असताना प्रयोग करण्याचे काही कारण नव्हते. नुसत्या 90 ग्रेडच्या तेलाचा जाडपणा हा वेगळा मुद्दा : थंड पहाटे ते मधासारखे होते, रिंगला तेलाचा थर कापून शंकूपर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि गिअर जड पडतो. जानेवारीतल्या तक्रारीचा उलगडा यात होता.

तेल बदलल्यानंतर सहा महिन्यांत रिंग संपली, असा माझा दावा नाही. जवळपास दोन लाख किलोमीटर चाललेल्या रिंगा आधीच झिजलेल्या असणार. चुकीच्या तेलाने आणि नंतर अर्धवट सुटणाऱ्या क्लचने त्यांना शेवटचा धक्का दिला, असे माझे मत आहे.

आत काय निघाले

प्रोपेलर शाफ्ट काढण्यापूर्वी दोन्ही टोकांना फ्लँजवर रंगाच्या खुणा केल्या, कारण शाफ्ट पुन्हा त्याच स्थितीत बसला नाही तर त्याचा तोल बिघडून नवीनच थरथर सुरू होऊ शकते. शाफ्ट हातात आल्यावर मागचा क्रॉस (शाफ्टचा वळता सांधा) फिरवून पाहिला. तो एका दिशेने अडकत होता आणि त्याच्या टोपीच्या कडेला तांबूस भुकटी जमली होती. सुई-बेअरिंगमधले ग्रीस संपून गंज धरल्याची ती खूण असते. गाडी सुटताना येणारा ‘टण’ असा आवाज इथला होता.

गिअरबॉक्स उघडल्यावर परीक्षांनी सांगितलेले बहुतेक सगळे समोर आले. सिंक्रो रिंग गिअरच्या शंकूवर दाबून धरून, रिंग आणि गिअरच्या लहान दातांमधली फट फिलर गेजने मोजली. अशा गिअरबॉक्समध्ये नवीन रिंगला ही फट साधारण 1 मिलिमीटर असते आणि ती अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेली की रिंग बदलावी लागते. नेमकी मर्यादा त्या त्या मॅन्युअलमधूनच घ्यावी. दुसऱ्या गिअरची फट 0.8 निघाली, चौथ्याची 0.6 आणि तिसऱ्याची अवघी 0.3. तिसऱ्याची रिंग शंकूवर दाबून पिळली तरी तेलावर तरंगावी तशी फिरत होती. चांगली रिंग तिथे धरून ठेवते.

गिअर उडण्याला मात्र एकच कारण नव्हते. तिसऱ्या गिअरच्या लहान दातांची टोके गोलसर झाली होती, पण मुळाशी दात शाबूत होते. शिफ्ट रॉडला जागेवर धरणाऱ्या गोळीमागची स्प्रिंग नवीन स्प्रिंगपेक्षा स्पष्टपणे आखूड होती. आणि तिसऱ्या-चौथ्याची स्लीव्ह सरकवणाऱ्या फोर्कची एकच बाजू, तिसऱ्याकडे ढकलताना टेकते ती, चकाकून झिजलेली होती. मी भाच्याला बोलावून फोर्क हातात दिला आणि तो गाडी चालवताना डावा हात कुठे ठेवतो हे विचारले. “लिव्हरवरच राहते जी, सवय आहे,” तो म्हणाला. लिव्हरवर विसावलेल्या हाताचे वजन फोर्कमधून फिरत्या स्लीव्हवर सतत टेकलेले राहते, तेलाचा थर तुटतो आणि फोर्क झिजतो. झिजलेला फोर्क स्लीव्हला पूर्ण आत ढकलत नाही; अर्धवट अडकलेली स्लीव्ह, गोल झालेले दात, दमलेली स्प्रिंग आणि त्यात सुटलेल्या माउंटिंगमुळे हलणारा लिव्हर, या चौघांनी मिळून उतारावर गिअर बाहेर फेकला जात होता. यांपैकी एकच दुरुस्त केले असते तर कदाचित गिअर उडणे कमी झाले असते, थांबले नसते.

काउंटर शाफ्टच्या पुढच्या बेअरिंगच्या रेसवर बारीक खड्डे होते. मेन शाफ्टची बेअरिंग हाताला गुळगुळीत लागली, तरीही सगळी बेअरिंग बदलावीत असे मी मालकांना सुचवले. एरवी चांगला भाग बदलणे मला पटत नाही. पण इथे भाग स्वस्त होता आणि तो पुढे खराब झाल्यास गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याची मजुरी त्याच्या अनेक पट झाली असती. तिसऱ्या आणि चौथ्याच्या रिंगा, त्यांच्यामधल्या हबच्या चाव्या आणि स्प्रिंगा, तिसरा गिअर, फोर्क, गोळीमागची स्प्रिंग, सगळे सील आणि माउंटिंग नवीन घेतले. पहिल्या-दुसऱ्याच्या रिंगा तशाच ठेवल्या. उघडलेलाच आहे तर त्याही टाकाव्यात, असा एक विचार असतो, आणि 0.8 ची फट पाहून मी तो बाजूला ठेवला.

डिफरन्शियल : न केलेले काम

डिफरन्शियलमध्ये तेल बरेच कमी निघाले. पिनियनच्या सीलमधून ते हळूहळू गळत होते. मागचे झाकण उघडून क्राउनच्या दातांवर रंग लावून टेकण्याची खूण घेतली तेव्हा ती दाताच्या मध्यापासून थोडी बाजूला सरकलेली दिसली, दातांवर तुटलेला किंवा उपटलेला भाग मात्र कुठेही नव्हता. पिनियन हाताने वर-खाली हलत नव्हता. सील बदलून, योग्य जीएल-5 तेल भरून गाडी पुन्हा त्याच पट्ट्यावर नेली. आवाज निम्म्याहून कमी झाला, पण पूर्ण गेला नाही.

क्राउन आणि पिनियन जोडीनेच बदलावे लागतात आणि त्यांची बसवणी ही शिम (पातळ चकत्या) लावून, टेकण्याची खूण पुन्हा पुन्हा पाहून करायची वेळखाऊ गोष्ट आहे. दात एकदा वेगळ्या ठिकाणी झिजून बसले की नुसती बसवणी बदलून आवाज जात नाही, उलट वाढू शकतो. आवाज महिनोन्महिने तसाच आहे, तेल नीट आहे, धातूचे तुकडे नाहीत, ढिलेपणा नाही, अशा स्थितीत 14 वर्षांच्या गाडीवर तेवढा खर्च करू नये, असे मी मालकांना स्पष्ट सांगितले. आवाजाची पट्टी अचानक बदलली, खडखड सुरू झाली किंवा सीलभोवती पुन्हा ओल दिसली तर मात्र गाडी लगेच आणायची, हेही सांगितले. थोडा आवाज ठेवून गाडी परत देणे ग्राहकाला रुचत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांनी दोनदा विचारले, दोनदा तेच उत्तर दिले, आणि बिलावर ते लिहूनही दिले.

खर्च आणि नंतरची स्थिती

सुटे भाग 9,600 रुपये, तेल 1,300 रुपये आणि मजुरी 6,500 रुपये, असे एकूण 17,400 रुपये झाले. वापरलेला गिअरबॉक्स मालकांना 15,000 रुपयांना मिळत होता आणि मजुरी वेगळी होती. तो बसवला असता तर केबल, क्रॉस, माउंटिंग आणि डिफरन्शियलचे सील यांपैकी कशालाही हात लागला नसता, आणि त्या गिअरबॉक्सच्या आतल्या फटी किती आहेत हे कोणालाच माहीत नव्हते.

पहिल्या 1,000 किलोमीटरनंतर गिअरबॉक्सचे तेल पुन्हा काढून पाहिले. नवीन रिंगा बसताना थोडे पितळ सुटतेच, तेवढे ते होते. नव्या जीएल-4 तेलाने भरून दिले. जूनमध्ये, उकाडा आणि पहिला पाऊस यांच्या मधल्या दिवसांत, मी मुद्दाम दुपारी गाडी मागवून रिव्हर्सची परीक्षा पुन्हा घेतली आणि रिलीज आर्मची चाल मोजली. ती सकाळच्या मापाएवढीच भरली.

नोव्हेंबरात, सुमारे 9,000 किलोमीटरनंतर, गाडी रामटेकहून परतताना थेट गॅरेजला आली. गडाच्या उतारावर तिसरा एकदाही उडाला नव्हता. काउंटर शाफ्टची खरखर नव्हती, डिफरन्शियलचे तेल काठापर्यंत होते आणि त्याचा आवाज मेमधल्या पट्टीवरच होता. भाचा गाडी लावताना मी काचेतून पाहिले : गिअर टाकून झाल्याबरोबर त्याचा डावा हात स्टिअरिंगवर परत आला होता.